अंदमान: पंधरा-सोळा जणांचा ताफा, बेटं कुठली, गुहा कुठल्या, आणि बाराटांग करायचं की नाही?

भिशीवाली_ठमी

नमस्कार मंडळी. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतला भिशीचा ग्रुप कित्येक वर्षं "एकदा अंदमान करू या" म्हणतोय. यंदा एकदाचं ठरलं. माणसं पंधरा-सोळा. त्यात दोन सासूबाई (एक माझ्या, एक शेजारच्या वहिनींच्या), दोघींचे गुडघे कुरकुरतात. कॉलेजची कार्टी आहेत, त्यांना फक्त स्कूबा आणि रील हवंय. एका भाऊजींना गेटवे ते मांडवा एवढ्यातही बोट लागते. आणि एक काका केवळ सेल्युलर जेलसाठी येताहेत, "बाकी कुठेही न्या, मी पिशव्या सांभाळीन" म्हणतात.

टूरवाल्यानं दिलेला कार्यक्रम असा: उतरल्या दिवशी जेल आणि लाइट अँड साऊंड शो. दुसऱ्या दिवशी पहाटे अडीचला (हो, अडीचला) निघून बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा, रात्री परत. लगेच पुढच्या सकाळी सहाच्या बोटीनं हॅवलॉक, त्याच दिवशी एलिफंट बीच आणि राधानगर. मग नील एक रात्र, दुपारी परत आणि दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान.

कागदावर झकास दिसतंय, पण मला वाचूनच धाप लागली. जाऊन आलेल्यांनी आणि तिथे राहिलेल्यांनी सांगा, यातलं काय ठेवू आणि काय उडवू? डिसेंबरचा दुसरा पंधरवडा धरलाय.

पोर्टब्लेअरकर_वहिनी

ठमीताई, ह्यांच्या नोकरीपायी आम्ही काही वर्षं तिथे काढली, म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट घड्याळाची. अंदमान बरंच पूर्वेला आणि वेळ आपलीच. डिसेंबरात संध्याकाळी सव्वापाचला अंधार पडतो. "दुपारी जेवून, जरा पडून, मग चारला बीचवर" हे मुंबईचं गणित तिथे चालत नाही. उलट पहाटे साडेपाचला झुंजूमुंजू होतं, सहाला चक्क दिवस असतो. म्हणजे एलिफंट बीच सकाळी आणि राधानगर साडेतीनपासून, हे एका दिवसात बसतं, पण हॅवलॉकला पोचल्या दिवशी नाही. तिथे दोन रात्री तरी हव्यात.

दुसरी गोष्ट क्रमाची. जेल शेवटी ठेवा. आधी बेटं करून पोर्ट ब्लेअरला परत या, आणि विमानाआधी तिथे पूर्ण एक दिवस मोकळा ठेवा. डिसेंबरात समुद्र बहुतेक शांत असतो, पण बंगालच्या उपसागराचा भरवसा नाही. २०१६ च्या डिसेंबरात वादळामुळे हॅवलॉक आणि नीलला सुमारे १४०० पर्यटक अडकले होते, नौदलानं जाऊन त्यांना आणलं. बोटी बंद झाल्या की तुमच्या टूरवाल्याच्या हातात काहीही नसतं. दुपारी बोट आणि पहाटे विमान, ही आखणी करणाऱ्याला मी चहासुद्धा विचारणार नाही.

तिसरं, जेलला सुट्टी कधी असते ते आधी विचारून ठेवा. काका त्यासाठीच येताहेत, तेव्हा वार बघूनच तिकिटं काढा.

नावांचा घोळ आधीच सांगून ठेवते. २०१८ च्या अखेरीस हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप, रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटावर नवी नावं असतात आणि रिक्षावाला जुनी बोलतो. सासूबाईंना दोन्ही पाठ करून ठेवू द्या.

खवचट_खविस

पहाटे अडीचला उठून गुहा बघायला जायचं आणि ट्रिपला "आराम" म्हणायचं. आमच्याकडे कार्ल्याची लेणी दहा वाजता उठूनही होतात. बघा बुवा.

काळापाषाण

खविसराव, कार्ल्याचं आणि बाराटांगचं नातं एकच, दोन्हीकडे आत अंधार आहे. 😀

भूगोल शिकवण्यात जन्म गेला, म्हणून थोडं पाल्हाळ सहन करा. आपल्या महाराष्ट्रात गुहा म्हटली की माणसानं छिन्नीनं कोरलेली. अजिंठा, वेरूळ, कार्ले, घारापुरी, सगळा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट. तो पाण्यात विरघळत नाही. म्हणून आपल्याला पाण्यानं कोरलेली गुहा बघायची सवयच नसते.

बाराटांगचा दगड चुनखडीचा. शिंपल्यांचे, प्रवाळाचे, सूक्ष्म जीवांचे सांगाडे समुद्रतळाशी साचून झालेला, मग जमीन वर उचलली जाऊन बाहेर आलेला. पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि फटीफटीतून दगड विरघळवत खाली उतरतं. छताला आलं की थेंब लोंबतो, त्यातला वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना तिथेच चिकटतो. असे थेंबामागून थेंब. वरून खाली आलेले लवणस्तंभ, खाली ठिबकून वर वाढलेले दुसरे, आणि कधी दोघं मिळून अख्खा खांब. वाढ इतकी सावकाश की एका माणसाच्या आयुष्यात फरक दिसत नाही.

म्हणून एक विनंती. मार्गदर्शक "यहाँ गणेशजी, यहाँ कमल" करत बॅटरी फिरवील, तेव्हा हात लावू नका. बोटांचं तेल दगडाला लागलं की पाणी तिथे नीट पसरत नाही, चुना धरत नाही आणि तो भाग काळा पडतो. वाटेच्या दोन्ही अंगांना हाताच्या उंचीवर काळा पट्टा दिसेल. तो आपल्यासारख्या हजारोंनी केलेला आहे.

शतपावली

मी गुडघ्यांच्या बाजूनं बोलते, कारण वय एकाहत्तर. मी बाराटांग केलं. पहाटे जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागते, आधारकार्डांचे कागद भरायचे, टपरीवर चहा-वडा. सहाला पहिला ताफा सुटतो. जंगलातून दीड-दोन तास, मग मिडल स्ट्रेटला गाडीसकट फेरीबोटीत (दाभोळ-धोपावेसारखी), पलीकडे छोट्या स्पीडबोटी. त्या बोटीचा प्रवास मला गुहेपेक्षा आवडला. आधी रुंद खाडी असते, मग बोट एकदम डावीकडे वळून कांदळवनात शिरते, आणि फांद्या इतक्या खाली येतात की नावाडी "सर झुकाओ" ओरडतो. पाणी हिरवं, वास आपल्या खाडीचाच.

उतरल्यावर लाकडी साकव, मग शेताच्या बांधावरून दीडएक किलोमीटर चाल. वाटेत लिंबूपाणी मिळतं. चाल अवघड नाही, पण दमट हवेनं जीव काढते. गुहेत जमीन ओली आणि खडबडीत, शेवटी वाट इतकी अरुंद होते की अंग तिरकं करावं लागतं. मी निम्म्यातून परत फिरले आणि तोंडाशी बसून राहिले, तिथेही बघण्यासारखं पुष्कळ आहे. काठी आणि स्वतःची बॅटरी मात्र न्या.

सासूबाईंना न्यायचं तर न्या, पण दुसऱ्या दिवशी सहाची बोट नको. मी दुसरा अख्खा दिवस झोपून होते.

अनुष्टुभ

गुहा सुंदर आहे यात वाद नाही. पण तिथे जायचा रस्ता कोणाच्या घरातून जातो, हे अजून कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

जिरकाटांग ते मिडल स्ट्रेट हा अंदमान ट्रंक रोडचा तुकडा जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. २०११ च्या जनगणनेत जारवा होते ३८०. आपल्या एका सोसायटीत याहून जास्त माणसं असतात. रस्ता बांधला जात होता तेव्हा ते बाण मारून विरोध करत होते, पोलीस पहाऱ्यात ताफ्यानं जाण्याची पद्धत त्यातूनच आली. १९९६ मध्ये पाय मोडलेल्या एका जारवा मुलावर पोर्ट ब्लेअरला उपचार झाले, त्यानंतर ते आपणहून बाहेर येऊ लागले. पाठोपाठ १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. ज्यांचा बाहेरच्या जगाशी संबंधच नव्हता त्यांच्या शरीराला आपला साधा आजारही नवा असतो.

सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये राखीव जंगलातला रस्ता बंद करायला सांगितलं होतं. तो बंद झाला नाही. २०१२ मध्ये पर्यटकांसमोर जारवा बायकांना खाण्याच्या बदल्यात नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आला, जगभर छी थू झाली, नियम कडक झाले. आता थांबायचं नाही, काचा खाली करायच्या नाहीत, फोटो काढायचा नाही, काही द्यायचं नाही. मोडलंत तर तुरुंगवासाची तरतूद आहे. पण गाड्यांची रांग रोज जातेच. मी अंदमानला गेलो तेव्हा बाराटांग केलं नाही. ठमीताई, तुम्हाला "जाऊ नका" म्हणणारा मी कोण, पण ग्रुपपुढे हे मांडून मग ठरवा.

खवचट_खविस

एरवी मी खोडी काढली असती, पण इथे अनुष्टुभशी सहमत. +१.

पोर्टब्लेअरकर_वहिनी

अनुष्टुभ, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. फक्त दुसरी बाजूही लिहिते. हा रस्ता पर्यटकांसाठी झालेला नाही. रंगत, मायाबंदर, डिग्लीपूरच्या लोकांची ती नस आहे. बाळंतपण अडलं, कोणाला हार्ट अटॅक आला, की अँब्युलन्स याच रस्त्यानं पोर्ट ब्लेअरला येते. आमच्याकडे कामाला येणारी बाई रंगतची, पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची नात. तिला "रस्ता बंद करा" म्हटलेलं आवडायचं नाही. "हमको भी तो सरकार ने ही बसाया," म्हणायची.

पण तिचा प्रवास आणि आपली सहल एका मापानं मोजू नये, हे मलाही पटतं. तिला पर्याय नाही, आपल्याला आहे. आमच्या घरी पाहुणे आले की मी त्यांना वंडूरला धाडायची. तिथून बोट जॉली बॉय बेटाला जाते (पावसाळ्याच्या बाजूला ते बंद ठेवून रेड स्किन उघडतात). १९८३ पासूनचं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. प्लास्टिकची बाटली न्यायची तर अनामत ठेवावी लागते, आणि काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दिसतं. सासूबाईंना पाण्यात न उतरता मासे दिसतील. बुकिंग आधी करा, ऐन वेळी जागा मिळत नाही.

दर्या_सारंग

मर्चंट नेव्हीतून निवृत्त, मूळचा रेवदंड्याचा. बोटीविषयी चार शब्द.

सरकारी बोट स्वस्त आणि संथ, खाजगी कॅटामरान वातानुकूलित, बंदिस्त आणि वेगवान. ज्या भाऊजींना बोट लागते त्यांना लोक हमखास महागड्या बोटीत बसवतात. माझं मत उलटं. बंद काचेत, एसीत, क्षितिज न दिसता बसलं की जास्त मळमळतं. सरकारी बोटीत डेकवर उभं राहता येतं, वारा लागतो. कॅटामरानच घ्यायची तर खालच्या मजल्यावर, मध्याच्या मागे बसा. उलटीची गोळी बोट सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही. पोट रिकामं ठेवू नये, आणि मोबाइलमध्ये मान घालू नये.

आता खरा मुद्दा. तुम्ही सगळे वार बघताय, मी तिथी बघायला सांगतो. नीलचा तो नैसर्गिक दगडी पूल फक्त ओहोटीला गाठता येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती आणि तशीच खोल ओहोटी, म्हणजे पुलाखालचा खडक भरपूर उघडा पडतो. हॅवलॉकला रात्री पाण्यात हात घातला की निळसर चमकतं, ते सूक्ष्म जीव. ते पौर्णिमेच्या चांदण्यात दिसत नाही, काळोख लागतो. दोन्ही हवं असेल तर अमावास्येच्या आगेमागे जा.

कोकणात आम्ही तिथीला पाऊणनं गुणून भरतीची वेळ काढतो, ते तिथे लावू नका. तिथल्या भरतीच्या वेळा निराळ्या. पोर्ट ब्लेअरचं कोष्टक नेटवर मिळतं, ते काढून न्या.

भिशीवाली_ठमी

सारंगकाका, तुमचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. सगळे खूश. फक्त सासूबाई म्हणाल्या, "अमावास्येला समुद्रावर? आणि वर पैसे देऊन?" आता त्यांना समजवायला कोणतं कोष्टक काढू?

दर्या_सारंग

त्यांना सांगा, आमच्या कोळीवाड्यात जाळं टाकायचं की नाही हे तिथी बघूनच ठरतं, आणि अमावास्येचं पाणी आम्ही कधी वाया घालवत नाही.

तांबडा_रस्सा

कोणी जेवणाचं बोललंच नाही! हॅवलॉकला आणि नीलला बंगाली हात आहे, माशाचं कालवण आणि भात झक्क. बाजारात सुरमई, चिंगरी, खेकडे ताजे. शहाळी मोठी आणि गोड. शाकाहाऱ्यांना आलू-फुलकोबी-डाळीवर राहावं लागेल, पण नीलवर भाजी पिकते, तिथली वांगी-काकडी चवदार. भाकरी विसरा. आम्ही कोल्हापूरचे, चटणीची बरणी घेऊन गेलो होतो, तिसऱ्या दिवशी हॉटेलचा स्वयंपाकीच ती मागायला आला.

निशाचर

मगरींबद्दल कोणी लिहिलं नाही. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि त्या फक्त खाडीतच राहतात असं नाही. २०१० मध्ये राधानगरजवळच्या नील्स कोव्हला एका अमेरिकी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. म्हणून घाबरून पाण्यात उतरूच नये असं नाही. काही किनाऱ्यांवर जाळी लावून पोहण्याची जागा राखली आहे, जीवरक्षक असतात, फलक असतात. फलकाच्या पलीकडे जायचं नाही, ओढा जिथे समुद्राला मिळतो तिथे नाही आणि तिन्हीसांजेला नाही. कॉलेजच्या कार्ट्यांना हे तीनदा सांगा. रीलसाठी खारफुटीत पाय सोडून बसणारे मी डोळ्यांनी बघितले आहेत.

आणि स्कूबा: पोहता यायला लागत नाही, प्रशिक्षक धरून नेतो. पण दमा, कानाचा त्रास, हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टर. वय किमान दहा. आणि पाण्याखालून आल्यावर अठरा ते चोवीस तास विमानात बसायचं नाही, रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. टूरवाले हे सांगत नाहीत. त्या हिशेबानंही वहिनींचा क्रम बरोबर, बेटं आधी आणि शहर शेवटी.

खवचट_खविस

अवांतर: काका जेलला जाताहेत तर आता सावरकरांवर शंभर प्रतिसाद पडतील. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

संपादक

तो धागा वेगळा आहे, तिथे बसावं. इथे फक्त प्रवास.

काळापाषाण

प्रवासापुरतंच लिहितो. जेलचं बांधकाम १८९६ ते १९०६. सात पंख, सातशेच्या आसपास कोठड्या, मध्ये मनोरा. प्रत्येक पंखाचं तोंड पुढच्याच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसू नये. आज तीन पंख उरलेत, काहींच्या जागी सरकारी रुग्णालय आहे. विनायकराव १९११ ते १९२१ तिथे होते, थोरले बाबाराव त्यांच्या आधीपासून. काकांना सांगा, शोच्या आधी दिवसाउजेडी जा आणि गच्चीवर चढा. तिथून समोर रॉस दिसतं, इंग्रज साहेबांचं बेट. नाचाचा हॉल, चर्च, बेकरी, सगळ्याच्या भिंतींना आता वडाच्या मुळांनी मिठी मारली आहे. दोन्ही एकाच दिवशी बघितलं तर त्या राज्याचा हिशोब कळतो.

भिशीवाली_ठमी

(तीन आठवड्यांनी) मंडळी, धागा वर काढतेय. ग्रुपमध्ये चक्क मतदान झालं. अनुष्टुभ यांचा प्रतिसाद मी व्हॉट्सॲपवर टाकला, त्यावर जे रामायण झालं ते सांगत नाही. शेवटी असं ठरलं: ज्यांना बाराटांग करायचं ते करतील, बाकीचे जॉली बॉय. मी दुसऱ्या गटात. टूरवाल्याला क्रम उलटा करून दिला, तो म्हणाला "असं कोणी करत नाही". म्हटलं, आम्ही करतो. हॅवलॉक दोन रात्री, नील दोन, मग पोर्ट ब्लेअर. अमावास्याही सासूबाईंकडून मंजूर. "समुद्र तुमचा, तिथी माझी," म्हणाल्या, आणि निघायचा दिवस त्यांनी कालनिर्णयात बघून एकानं पुढे ढकलला.

भिशीवाली_ठमी

(जानेवारी) आलो. सगळे सुखरूप. सविस्तर लिहायला बसले तर वर्ष जाईल, म्हणून जे डोक्यात आहे तेवढंच.

हॅवलॉकचं राधानगर छानच. 'टाइम' मासिकानं २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवलेला, आणि गर्दीही त्याच मापाची. वाळू मैद्यासारखी, पायाला चिकटत नाही. पण आमच्यापैकी कोणालाही विचारा, सगळे नीलचं नाव घेतील. हॅवलॉकला आम्ही पर्यटक होतो, नीलला पाहुणे. बाजार म्हणजे एक चौक, सायकली, शाळेतून येणारी मुलं. किनाऱ्यांची नावं भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर, त्यामुळे सासूबाई पहिल्याच दिवशी तिथल्या झाल्या.

ओहोटी सकाळची होती. लक्ष्मणपूरच्या त्या पुलाकडे जाताना वाळू संपते आणि मेलेल्या प्रवाळाचा खडक सुरू होतो, चाळणीसारखा, धारदार. रबरी चपला हव्याच. त्याच्या खळग्यांत पाणी अडकून राहिलेलं असतं, आणि खरी गंमत त्या खळग्यांत आहे. मी एकाशी उकिडवी बसले. आधी काहीच दिसलं नाही. मग काळ्या दोरीसारखं पडलेलं काहीतरी सरकलं, ती समुद्रकाकडी. तिच्या पलीकडे दगडात रुतलेला शिंपला, त्याच्या ओठांना मोरपिशी झालर. माझी सावली पडताच तो मिटला. मी बाजूला झाले, तर हळूहळू परत उघडला. सासूबाईंना हाक मारली. त्या काठी टेकत आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, ह्याला लाज वाटते." मग त्यांनीच सावली पाडून दोनदा बघितलं.

तिथला एक पोरगा दहा-वीस रुपयांसाठी समुद्रकाकडी उचलून हातात देत होता. त्याला म्हटलं, पैसे घे, पण ती पाण्यातच राहू दे, नुसती दाखव. त्यानं मग इतकं दाखवलं की आमचा गट तासभर हललाच नाही, पाणी वाढायला लागल्यावर त्यानंच हाकललं.

हॅवलॉकला रात्री कयाकमधून गेलो. वल्हं मारलं की पाण्यात निळा धूर उठतो. रीलवाल्या कार्ट्यांच्या मोबाइलमध्ये ते काही केल्या येईना, वैतागून फोन ठेवून दिले.

सारंगकाका, भाऊजी जाताना सरकारी बोटीत डेकवर उभे राहिले आणि शिट्टी वाजवत उतरले. येताना कॅटामरानमध्ये बसले, त्याविषयी त्यांनी लिहू नको म्हणून सांगितलंय.

बाराटांगला मी गेले नाही, तिकडचं भाचा लिहितोय.

रीलवाला_भाचा

मामीनं खातं उघडायला लावलं. आम्ही सहाच्या ताफ्यात होतो. गुहा मला आवडली, शेवटच्या फटीत मार्गदर्शकानं बॅटरी बंद केली तेव्हा डोळे उघडे की मिटलेले ते कळेना. फक्त ठिबकण्याचा आवाज. काळापाषाण सर, तो काळा पट्टा दिसला. आमच्या पुढच्या काकांनी तिथेच हात टेकला.

पण खरं सांगायचं तर मला रस्त्यावरचं जास्त आठवतं. आम्हाला कोणीही जारवा दिसला नाही. तरी दीड तास गाडीतले सगळे काचेला नाक लावून होते. ड्रायव्हर सारखा म्हणत होता, "गुफा आगे है, उधर मत देखो." पण कोणी ऐकेना. येतानाही तेच. नंतर जेवताना एक जण म्हणाला, "आज नशीब नव्हतं." वाघ दिसला नाही की ताडोबात म्हणतात ना, अगदी त्याच सुरात. मला ते वाक्य बोचलं. मी पुढच्या वेळी त्या रस्त्यानं जाणार नाही. गुहा मात्र कोणी खराब करू नका.

अनुष्टुभ

भाच्या, तुझ्या एका परिच्छेदात माझा अख्खा प्रतिसाद मावला.

पोर्टब्लेअरकर_वहिनी

ठमीताई, जॉली बॉयचं राहिलं की!

भिशीवाली_ठमी

हो हो. काचेतून निळे, पिवळे मासे दिसले, पण प्रवाळाचा बराच भाग पांढरा-करडा. नावाडी म्हणाला, पाणी तापलं की रंग जातो, काही परत येतं, काही येत नाही. २०१० आणि २०१६ ची नावं घेत होता. त्सुनामीचं पण सांगितलं: डिग्लीपूरकडे जमीन वर आली आणि प्रवाळ उघडं पडून मेलं, पोर्ट ब्लेअरकडे जमीन खाली बसली. सिप्पीघाटला रस्त्यालगत पाण्यात उभी मेलेली झाडं बघितली, तिथे पूर्वी भातशेती होती म्हणे.

काका जेलमध्ये चार तास होते. आम्हाला वाटलं हरवले. वरच्या मजल्यावर एका कोठडीच्या दारात बसून होते. बाकी त्यांनी पिशव्या खरंच सांभाळल्या.

विमानतळावर एका कार्ट्याच्या बॅगेतून प्रवाळाचे तुकडे आणि शंख काढून घेतले. किनाऱ्यावर सापडलं म्हणून आपलं होत नाही, वन्यजीव कायद्यात बसतं. दुकानातून घेतलेला शंख असेल तर पावती जवळ ठेवा.

तांबडा_रस्सा

आणि चटणी?

भिशीवाली_ठमी

संपली. नीलला एका खानावळीच्या मावशींना अर्धी दिली, त्यांनी बदल्यात मोहरीचं वाटण शिकवलं. ते वेगळ्या धाग्यात टाकते.

पहिलटकरीण

सगळा धागा वाचून काढला, वाचनखूण साठवली. आम्ही मार्चमध्ये दोन वर्षांच्या लेकीला घेऊन जायचं म्हणतोय. जमेल का? आणि वाळूमाश्या खूप चावतात असं ऐकलंय.

पोर्टब्लेअरकर_वहिनी

जमेल. मार्चमध्ये समुद्र शांत असतो, ऊन मात्र कडक, अकरा ते तीन तिला सावलीत ठेवा. वाळूमाश्या पहाटे आणि संध्याकाळी, ओल्या वाळूत आणि कुजक्या शेवाळाजवळ जास्त. तिला थेट वाळूवर बसवू नका, चटई घाला, पाय झाकणारे सुती कपडे आणि खोबरेल तेलाचा जाड थर. चावलंच तर खाजवू द्यायचं नाही, तिची नखं आधीच कापून न्या. बेटं दोनच करा, नीलचा मुक्काम वाढवा. दूध पावडर आणि तिची औषधं इथूनच न्या. जेट्टीवर सामान वाहून न्यावं लागतं, तेव्हा बाबागाडीपेक्षा पाठीवर बांधायची झोळी बरी.